दह्याची वाटी आणि दात्याची विष्ठा

पिंपळगावच्या मावशीचे शेक (किरणोपचार) नाशकात झाले, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी. तिसऱ्या आठवड्यात जुलाब लागले. त्यात कुणीतरी मोबाईलवर ‘आतड्यात जिवाणूंचं प्रत्यारोपण’ असं काहीसं पाठवलं. मावशी म्हणाली, “म्हणजे दहीच ना? ते तर मी रोज खाते.”

नाही. आणि फरक तिच्याच द्राक्षबागेत सापडतो. शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळून टाकतो, ते प्रोबायोटिकसारखं, म्हणजे फायद्याचे जिवंत सूक्ष्मजीव मुद्दाम देणं: निवडक, ओळखीच्या मोजक्या जाती. दही, प्रोबायोटिक कॅप्सूल यांचंही तसंच. त्यातले लॅक्टोबॅसिलस जिवाणू बहुतेकदा पाहुणे असतात, घेणं थांबलं की थोड्या दिवसांत निघून जातात. प्रत्यारोपण म्हणजे शेजारच्या जोमदार बागेतली मातीच उचलून आणणं. निरोगी माणसाची विष्ठा तपासून, गाळून, कोलोनोस्कोपीने (गुदद्वारातून नळी घालून), एनिमाने किंवा कॅप्सूलमधून पोटात सोडतात. शेकडो जाती, त्यांच्या आपसातल्या देवाणघेवाणीसकट. किरणांनी आतड्याचं अस्तर सोलवटतं, सोबत ही वस्तीही विस्कटते, म्हणून हा खटाटोप.

आता गुण कशाचा? पोटाच्या खालच्या भागाला शेक चालू असताना जुलाब टाळायला प्रोबायोटिकचा उपयोग दिसला आहे. २००७ साली इटलीत ४९० रुग्णांवर तसा अभ्यास झाला. विष्ठा-प्रत्यारोपणाची खरी कीर्ती मात्र वेगळ्याच आजारातली, पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूच्या आतड्यातल्या संसर्गातली. २०१३च्या डच चाचणीत १६पैकी १३ जण पहिल्याच खेपेला बरे झाले. शेकानंतर दीर्घकाळ राहिलेल्या आतड्याच्या दुखण्यावर चीनमधल्या डॉक्टरांनी २०२० साली निष्कर्ष मांडले ते पाच रुग्णांचे. तिघांना बरं वाटलं. तुलनेला दुसरा गट नव्हता. पाच वेलींवरून कुणी बाग विकत घेतो का?

धोक्याचंही सांगायला हवं. २०१९मध्ये अमेरिकेत दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारे ई. कोलाय जिवाणू दोघांच्या रक्तात गेले, एक दगावला. म्हणून दात्याची रक्त-विष्ठेची कसून तपासणी होते आणि पुष्कळ इच्छुक नापास होतात. घरी मिक्सर काढून असले प्रयोग करायचे नसतात, हे वेगळं सांगायला नको. प्रोबायोटिकही अगदी निरुपद्रवी नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतील तर तेच जिवाणू रक्तात शिरू शकतात, तेव्हा कॅप्सूलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

मावशीने शांतपणे ऐकलं, नाक मुरडलं, मग म्हणाली, “आणि दाता कोण, तुझे काका? ते तर पहिल्याच तपासणीत नापास.”