आंतरराष्ट्रीय गोलविक्रम (महिला फुटबॉल)

राष्ट्रीय वरिष्ठ संघाकडून खेळताना खेळाडूने संपूर्ण कारकिर्दीत केलेल्या गोलांचा सर्वोच्च आकडा. हा विक्रम कॅनडाची आघाडीपटू क्रिस्टीन सिंक्लेअर हिच्या नावावर आहे. २००० ते २०२३ या काळात तिने ३३१ सामन्यांत १९० गोल केले. पुरुष आणि महिला असे दोन्ही मिळून पाहिले तरी तिच्याएवढे गोल कोणाचेच नाहीत. पुरुषांत सर्वांच्या पुढे असलेल्या पोर्तुगालच्या क्रिस्टियानो रोनाल्डोने १४० चा टप्पा ओलांडला आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात फुटबॉल परका नाही. कोल्हापूरच्या लीगमध्ये पाटाकडील संघ जिंकला की खंडोबा, याची चौकशी इथेही होते आणि रोनाल्डो मोठा की मेस्सी यावर कट्ट्यांवर तावातावाने वाद झडतात. त्या वादात सिंक्लेअरचे नाव क्वचितच निघते. खरे तर ते सर्वांत आधी निघायला हवे.

विक्रमात कोणता गोल धरायचा, याचे नियम ठरलेले आहेत. दोन देशांच्या वरिष्ठ संघांमधला मान्यताप्राप्त सामना असेल तरच त्यातला गोल मोजतात. मग तो विश्वचषकाचा असो, पात्रता फेरीचा असो की मैत्रीपूर्ण. ९० मिनिटांच्या खेळात किंवा जादा वेळेत मिळालेल्या पेनल्टीवरचा गोल खेळाडूच्या खात्यावर पडतो, मात्र बरोबरी सुटावी म्हणून शेवटी होणाऱ्या पेनल्टी शूटआउटमधला पडत नाही. स्वयंगोलाचे श्रेय समोरच्या आघाडीपटूला मिळत नाही. वयोगटाच्या स्पर्धा तर पूर्णच बाहेर राहतात. २००२ साली कॅनडात झालेल्या १९ वर्षांखालील मुलींच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत सिंक्लेअरने १० गोल केले, स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली, पण त्या दहांपैकी एकही गोल तिच्या १९० मध्ये नाही.

ऑलिंपिकच्या बाबतीत महिला आणि पुरुष यांच्यात फरक आहे आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पुरुषांचे ऑलिंपिक फुटबॉल १९९२ पासून २३ वर्षांखालील खेळाडूंचे असते, त्याहून मोठ्या वयाच्या फक्त तीन खेळाडूंना मुभा. महिलांचे फुटबॉल ऑलिंपिकमध्ये १९९६ साली अटलांटा इथे आले ते थेट वरिष्ठ संघांचे म्हणून. त्यामुळे महिलांचे ऑलिंपिकमधले गोल, आणि त्याआधीच्या पात्रता फेरीतलेही, विक्रमात जमा होतात. महिलांचे आकडे पुरुषांहून मोठे दिसतात त्याचे हे एक कारण आहे, पण एकमेव नाही. महिलांचा पहिला विश्वचषक १९९१ साली चीनमध्ये झाला. तोपर्यंत बहुतेक देशांचे महिला संघ नुकतेच उभे राहत होते, तयारीच्या आणि बिनतयारीच्या संघांत मोठी दरी होती आणि एका सामन्यात आठ-दहा गोल होणे नवलाचे नव्हते.

त्याच्याही मागे गेले तर चित्र उलटे होते. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ साली आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर महिलांना खेळू देण्यास बंदी घातली आणि ती जवळपास ५० वर्षे टिकली. ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत महिलांच्या फुटबॉलला कायद्यानेच मनाई होती. लँकेशरच्या लिली पार हिने १९२० पासून फ्रान्ससारख्या देशांच्या संघांविरुद्ध खेळून नाव कमावले, पण ते सामने अधिकृत नसल्याने तिचे गोल कोणत्याच आंतरराष्ट्रीय यादीत येत नाहीत. विक्रमाची यादी वाचताना, ज्यांना खेळूच दिले नाही त्यांच्या पिढ्या तिच्यात नाहीत, हे विसरता कामा नये.

अधिकृत गणतीत पहिला मोठा आकडा इटलीच्या एलिझाबेता विन्योत्तोचा. १९७० ते १९८९ दरम्यान तिने सुमारे ११० सामन्यांत १०७ गोल केले, म्हणजे जवळजवळ दर सामन्याला एक. २२ मे १९९९ रोजी ऑर्लँडो इथे ब्राझीलविरुद्ध १०८ वा गोल करून अमेरिकेच्या मिया हॅमने तिला मागे टाकले आणि २००४ मध्ये निवृत्त होईपर्यंत आपला आकडा १५८ वर नेला. तो मोडला तिच्याच देशाच्या ॲबी वॉमबॅकने. २० जून २०१३ रोजी दक्षिण कोरियाविरुद्ध न्यू जर्सीतल्या सामन्यात तिने पहिल्या अर्ध्यातच चार गोल केले आणि ती १६० वर पोहोचली. उंच, धिप्पाड वॉमबॅकचे हुकमी अस्त्र म्हणजे डोक्याने मारलेला चेंडू. तिच्या १८४ गोलांपैकी ७७ हेडरचे आहेत. २०११ च्या विश्वचषकात ब्राझीलविरुद्ध जादा वेळ संपता संपता, १२२ व्या मिनिटाला, तिने बरोबरी साधली तीही डोक्यानेच.

सिंक्लेअर ही यांच्याहून वेगळ्या घडणीची. तिचा जन्म १२ जून १९८३ चा, ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या बर्नबी गावचा. मार्च २००० मध्ये पोर्तुगालच्या अल्गार्व्ह चषकात ती कॅनडाच्या वरिष्ठ संघातून चीनविरुद्ध उतरली तेव्हा वय होते १६, आणि दोन दिवसांनी नॉर्वेविरुद्ध तिने पहिला गोल केला. दोन्ही पायांनी सारख्याच सफाईने मारणे, चेंडू अंगावर घेऊन बचावपटूला पाठीमागे अडवून ठेवणे आणि योग्य क्षणी मोकळ्या जागेत सरकणे ही तिची बलस्थाने. वेग तिच्याहून जास्त असलेल्या कितीतरी जणी होत्या. वय वाढले तशी ती थोडी मागे, मधल्या फळीजवळ येऊन खेळू लागली आणि दुसऱ्यांना गोल करण्याच्या संधी देऊ लागली. कारकीर्द २३ वर्षे चालली ती या बदलामुळेच.

तिच्या आकड्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन विभागात दुबळे संघ बरेच, त्यांच्याविरुद्ध गोलांची खैरात झाली, असे म्हणतात. त्यात तथ्य आहे. २९ जानेवारी २०२० रोजी टेक्सासमधल्या एडिनबर्ग इथे ऑलिंपिक पात्रता फेरीत तिने वॉमबॅकला गाठले आणि ओलांडले ते सेंट किट्स अँड नेव्हिसविरुद्ध. आधी पेनल्टीवर १८४ वा, मग १८५ वा, आणि कॅनडाने तो सामना ११–० असा जिंकला. तरीही एवढ्यावरून विक्रमाला हलके ठरवणे अन्यायाचे होईल. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात, ओल्ड ट्रॅफर्डवर, तिने बलाढ्य अमेरिकेविरुद्ध तीन गोल केले. कॅनडा जादा वेळेत ४–३ असा हरला, पण मोठ्या सामन्यात एकट्या आघाडीपटूने दाखवलेला असा खेळ महिला फुटबॉलमध्ये फार थोडा आहे. त्या स्पर्धेत सर्वाधिक ६ गोल तिचेच होते आणि त्या एका वर्षात तिने कॅनडासाठी २३ गोल केले. २००३ ते २०१९ या काळातल्या पाचही विश्वचषकांत तिने गोल केला. हे साधलेली आणखी एकच महिला खेळाडू म्हणजे ब्राझीलची मार्टा.

टोकियो ऑलिंपिकमध्ये २१ जुलै २०२१ रोजी जपानविरुद्ध तिने १८७ वा गोल केला. तो तिचा ३०० वा सामना होता. पुढे उपांत्य सामन्यात अमेरिकेविरुद्ध पेनल्टी मिळाली तेव्हा चेंडू तिने तरुण सहकारी जेसी फ्लेमिंगच्या हाती दिला आणि फ्लेमिंगच्या त्या एकमेव गोलावर कॅनडा अंतिम फेरीत गेला. स्वीडनविरुद्धच्या अंतिम सामन्यात बरोबरीची पेनल्टी मिळाली ती सिंक्लेअरला पाडल्यामुळे. ती घेतली पुन्हा फ्लेमिंगनेच आणि शेवटी शूटआउटमध्ये सुवर्ण कॅनडाचे झाले. आकड्याच्या मागे लागलेली खेळाडू पेनल्टी सोडत नाही. १९० वा आणि शेवटचा गोल ५ जुलै २०२२ रोजी त्रिनिदाद व टोबॅगोविरुद्ध झाला. २०२३ च्या विश्वचषकात नायजेरियाविरुद्धची तिची पेनल्टी गोलरक्षक चियामाका नाडोझीने अडवली, तेव्हा सहाव्या विश्वचषकात गोल करण्याची संधी हुकली. त्याच वर्षी ५ डिसेंबरला व्हँकुव्हर इथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध ती शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळली.

सरासरी काढली तर क्रम बदलतो. विन्योत्तो दर सामन्याला सुमारे ०.९७, वॉमबॅक ०.७२, तर हॅम आणि सिंक्लेअर दोघीही ०.५७ च्या आसपास. स्कॉटलंडच्या ज्युली फ्लीटिंगने १२१ सामन्यांत ११६ गोल केले, पण तिचा संघ तिच्या काळात विश्वचषकाला पोहोचलाच नाही. म्हणून विक्रम मोडायला गोल मारण्याची हातोटी जितकी लागते, तितकेच खेळायला मिळालेले सामनेही लागतात. ज्या देशाचा महिला संघ वर्षाला पंधरा सामने खेळतो आणि ज्याचा तीन खेळतो, त्यांच्या आघाडीपटूंची तुलना होऊच शकत नाही.

भारतात नेमके हेच घडले. महिलांच्या आशियाई चषकात १९८० च्या सुमारास आणि पुन्हा १९८३ साली उपविजेता ठरलेला भारतीय महिला संघ पुढे मागे पडत गेला, आणि २००९ मध्ये तर दीड वर्षाहून अधिक काळ सामनाच न खेळल्याने फिफाच्या क्रमवारीतून वगळला गेला. त्या काळात आघाडीला खेळणाऱ्या मणिपूरच्या बाला देवीची उमेदीची वर्षे अशी कोरडी गेली. वयाच्या १५ व्या वर्षी वरिष्ठ संघात आलेल्या बालाचे भारतासाठी ५० हून अधिक गोल आहेत आणि भारतीय महिलांत ती सर्वांत पुढे आहे. जानेवारी २०२० मध्ये ग्लासगोच्या रेंजर्स क्लबने तिला करारबद्ध केले. युरोपात व्यावसायिक करार मिळवणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू. तिला हॅमएवढे सामने मिळाले असते तर आकडा कुठे गेला असता, असा प्रश्न मनात येतोच. अलीकडे स्थिती सुधारते आहे. २०२५ च्या पात्रता फेरीत भारताने मंगोलियाचा १३–० असा पराभव केला, ५ जुलैला चियांग माई इथे थायलंडला २–१ ने हरवले आणि पात्रता फेरी खेळून प्रथमच आशियाई चषकात स्थान मिळवले. थायलंडविरुद्धचे दोन्ही गोल संगीता बासफोरचे.

बेळगाव आणि सीमाभाग

बेळगावात फुटबॉल आला तो लष्करी छावणीबरोबर. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र, कॅम्पातले १८५६ साली स्थापन झालेले सेंट पॉल्स हायस्कूल, तिथली फादर एडी यांच्या स्मरणार्थ होणारी आंतरशालेय स्पर्धा आणि टिळकवाडीचे लेले मैदान ही या खेळाची इथली ठिकाणे. पावसाळ्यात तांबड्या मातीचा चिखल होतो, चेंडू जागीच रुततो, तरी खेळ थांबत नाही. ही परंपरा मात्र प्रामुख्याने मुलांची. मुलींचा ओढा कबड्डी, खो-खो, अलीकडे कुस्ती आणि ज्युदोकडे राहिला. तुरमुरीच्या मलप्रभा जाधव हिने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात ५२ किलो गटात कांस्यपदक मिळवले, तेव्हा बेळगावच्या खेड्यातली मुलगी कुठवर जाऊ शकते हे सगळ्यांनी पाहिले. फुटबॉलमध्ये तसे व्हायला ताकद आणि जिद्द कमी पडणार नाही, कमी पडतात ते सामने.

त्याला भूगोलही कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, त्यामुळे इथली खेळाडू कर्नाटक राज्य फुटबॉल संघटनेच्या कक्षेत येते आणि ती संघटना बेंगळुरूला, सुमारे ५०० किलोमीटरवर आहे. निवड चाचणीसाठी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास, सोबत आई किंवा काका, मुक्कामाचा खर्च, आणि चाचणी एखाद्या तासाची. उलट कोल्हापूरचे शाहू स्टेडियम ११० किलोमीटरच्या आसपास, पण ते महाराष्ट्राच्या संघटनेकडे. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरला की गोवा, पण तिथली संघटना निराळी. २०२२ साली तर महिला फुटबॉलच्या दोन मोठ्या स्पर्धा बेळगावच्या दोन्ही अंगांना झाल्या : जानेवारी-फेब्रुवारीत पुणे, मुंबई आणि नवी मुंबईत आशियाई चषक, आणि ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक, ज्याचे दोन्ही उपांत्य सामने मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर झाले. भाषेचा प्रश्न मात्र वाटतो तेवढा मोठा नाही. घरी मराठी बोलणारी मुलगी शाळेत कन्नड शिकलेली असते आणि पास, क्रॉस, ऑफसाइड हे शब्द सगळीकडे तेच.

राष्ट्रीय संघापर्यंतचा रस्ता शालेय स्पर्धा, जिल्हा संघ आणि राज्य संघ असा जातो. राज्य संघांची वरिष्ठ महिला राष्ट्रीय स्पर्धा आता राजमाता जिजाबाई करंडक या नावाने होते आणि तिच्यावर वर्चस्व आहे मणिपूरचे. क्लबांसाठी २०१६–१७ पासून इंडियन विमेन्स लीग आहे, त्यात बेंगळुरूचा किकस्टार्ट क्लब खेळतो. या साऱ्या वाटेवर केलेला एकही गोल आंतरराष्ट्रीय खात्यात जमा होत नाही. तरीही निवड समितीपुढे मुलीची ओळख तेच गोल करून देतात, म्हणून स्थानिक सामन्यातही गोल कोणी आणि कितव्या मिनिटाला केला, हे पंचांच्या सामनापत्रकावर नावानिशी लिहिले गेले पाहिजे. नुसते ‘३–१ ने विजयी’ एवढेच उरले, तर त्या मुलीच्या खेळाचा पुरावा उरत नाही.

वयाचा मुद्दा सर्वांत निकडीचा आहे. सिंक्लेअर १६ व्या आणि बाला देवी १५ व्या वर्षी देशाकडून खेळली. आपल्याकडे ते दहावीचे वर्ष. क्लास, घरचे काम, अंधार पडायच्या आत घरी येण्याची सक्ती यांत मैदान सुटते, आणि एकदा सुटलेली मुलगी बारावीनंतर परत येते ती दोन-तीन हंगाम गमावून. शिवाय मांडी आणि नडगी जोडणाऱ्या गुडघ्यातल्या अस्थिबंधाची दुखापत महिला खेळाडूंत पुरुषांपेक्षा जास्त आढळते. उडी मारून नीट उतरण्याचा, एकदम थांबण्या-वळण्याचा आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा सराव आठवड्यातून दोन-तीनदा, सराव सुरू होण्याआधी पंधरा-वीस मिनिटे घेतला, तर तिचे प्रमाण कमी करता येते. याला कोणतेही यंत्र लागत नाही; लेले मैदानाच्या कडेला किंवा खानापूरच्या एखाद्या शाळेच्या अंगणातही तो होऊ शकतो.