मल्टी-वॅन लोड बॅलन्सिंग

एकाच राउटरला दोन किंवा अधिक इंटरनेट लाइन (वॅन) जोडून बाहेर जाणारी वाहतूक त्यांच्यात वाटण्याची पद्धत. एक लाइन पडल्यास सगळी वाहतूक दुसरीवर नेणे (फेलओव्हर) हा उद्देश वेगळा. पण राउटरवर दोन्ही सोयी बहुधा एकत्रच बसवतात.

या पद्धतीचा उगम दोन ठिकाणी दाखवता येतो. अनेक दुवे जोडून एक करणाऱ्या पीपीपी मल्टिलिंक या प्रोटोकॉलमुळे (इंटरनेट मानकांचा दस्तऐवज आरएफसी 1717, 1994, सुधारित आरएफसी 1990, 1996) आयएसडीएन या डिजिटल टेलिफोन सेवेच्या 64 केबीपीएसच्या दोन वाहिन्या मिळून 128 केबीपीएसची एकच लाइन होत असे. त्याआधी ओएसपीएफ या राउटरमधील मार्ग ठरवणाऱ्या प्रोटोकॉलच्या दुसऱ्या आवृत्तीत (आरएफसी 1247, 1991) समान खर्चाच्या (मार्गाचे मोजमाप, पैसे नव्हे) मार्गांवर वाहतूक वाटण्याची तरतूद होती. मल्टिलिंकला पलीकडच्या टोकाला तुकडे क्रमाने जुळवणारे यंत्र लागते. दोन कंपन्यांच्या लाइनना असे सामाईक टोक नसते. म्हणून आजच्या पद्धतीचे मूळ ओएसपीएफच्या परंपरेत मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

वाटप पॅकेटनिहाय (डेटाच्या तुकड्यागणिक) नव्हे, कनेक्शननिहाय होते. पॅकेट मागेपुढे पोहोचली, की टीसीपी (डेटा क्रमाने पोहोचवणारा प्रोटोकॉल) त्याला गळती समजून वेग उतरवते. आरएफसी 2992 (2000) मध्ये हॅशने (पत्त्यांसारख्या माहितीवरून काढलेल्या ठरावीक अंकाने) एक प्रवाह एकाच मार्गावर ठेवण्याच्या रीतीचे विश्लेषण आहे. दोन कंपन्यांच्या बाबतीत कारण आणखी ठोस आहे : नॅटमुळे (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलण्याच्या सोयीमुळे) प्रत्येक लाइनचा बाहेरचा आयपी पत्ता निराळा, त्यामुळे मध्येच लाइन बदलली तर सर्व्हर ते कनेक्शन ओळखतच नाही. म्हणून 100 एमबीपीएसच्या दोन लाइन घेऊनही एक डाउनलोड 100 च्या वर जात नाही. लिनक्स कर्नलमधून (लिनक्सच्या गाभ्यातून) 3.6 आवृत्तीत (2012) मार्गांची कॅश (आधी निवडलेल्या मार्गांचा साठा) काढल्यावर वाटप पॅकेटनिहाय होऊ लागले, 4.4 मध्ये (2016) हॅश आला.

मांडणीत प्रत्येक लाइनसाठी स्वतंत्र राउटिंग तक्ता (मार्गांची यादी) व डिफॉल्ट गेटवे (बाहेर जाण्याचे पहिले यंत्र) असतो. नव्या कनेक्शनच्या पहिल्या पॅकेटवर खूण (मार्क) करतात, ती कनेक्शन तक्त्यात साठवतात आणि पुढच्या पॅकेटना तीच लावून राउटिंग तक्ता निवडतात. 200 आणि 50 एमबीपीएसच्या लाइनना 4:1 भार देतात. पण हे प्रमाण कनेक्शनच्या संख्येचे असते, बाइट्सचे नव्हे. रिव्हर्स पाथ फिल्टर (पॅकेट योग्य वाटेने आले का हे तपासणारी लिनक्समधील सोय) कडक (1) असेल तर परतीची पॅकेट निमूटपणे गळतात; तो सैल (2) ठेवावा. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरवर फास्टट्रॅक (वेगासाठीची आडवाट) चालू राहिल्यास पॅकेट खुणांचे नियम टाळून जातात. दोन्ही मोडेम 192.168.1.1 वर असतील तर एकाचा सबनेट (पत्त्यांचा गट) आधीच बदलावा. हा दोष साधा, पण शोधायला वेळ खातो.

बँकेच्या संकेतस्थळावरून वारंवार लॉगआउट होणे ही नेहमीची तक्रार; एकाच वापरकर्त्याची कनेक्शन दोन वेगळ्या पत्त्यांवरून जातात म्हणून. उगम व गंतव्य पत्त्यांवरच हॅश केल्यास किंवा ‘स्टिकी’ (एका वापरकर्त्याला एकाच लाइनवर ठेवणारा) नियम लावल्यास ती बरीचशी मिटते. लाइन जिवंत आहे की नाही हे गेटवेला पिंग करून (चाचणीचा संदेश पाठवून) कळत नाही, कारण बिघाड पुष्कळदा त्याच्या पलीकडे असतो; 1.1.1.1 किंवा 8.8.8.8 सारखे दूरचे पत्ते त्या-त्या लाइनमधूनच तपासावे लागतात. लाइन पडल्यावर कनेक्शन तक्त्यातील जुन्या नोंदी पुसाव्यात, नाहीतर चालू कॉल जुन्याच पत्त्यावर अडकतात. दोन्ही फायबर एकाच खांबावरून आलेली असतील, तर फेलओव्हर नावापुरताच.

एका डाउनलोडसाठी वेगांची बेरीज हवी असल्यास मल्टिपाथ टीसीपी, म्हणजे एकच कनेक्शन अनेक मार्गांवर चालवणारे टीसीपी (आरएफसी 6824, 2013, आरएफसी 8684, 2020) लागते. ते दोन्ही टोकांना असावे लागते. सर्व्हरकडे नसेल तर भाड्याचा सर्व्हर मध्ये ठेवून वाहतूक तेथे एकत्र करतात.