प्रथमपुरुषी निवेदन

प्रथमपुरुषी निवेदन : कथा-कादंबरीतील एखादे पात्र ‘मी’ म्हणून स्वतःच गोष्ट सांगते ती पद्धत. हा ‘मी’ नायकच असतो असे नाही. नुसता साक्षीदारही असू शकतो.

संस्कृत काव्यशास्त्रात गोष्ट कोणी सांगावी हा प्रश्न आख्यायिका व कथा या गद्यप्रकारांच्या भेदातून पुढे आला. भामहाच्या ‘काव्यालंकारा’नुसार आख्यायिकेत नायक आपले वृत्त स्वतः सांगतो, तर कथेत ते दुसऱ्याने सांगायचे, कुलीन माणूस स्वतःचे गुण कसा गाईल, असे कारणही तो देतो. दंडीला हा भेद मान्य नाही. घडले ते सांगणाऱ्याला आत्मस्तुतीचा दोष लागत नाही, असे ‘काव्यादर्शा’त म्हणून तो दोन्ही नावे एकाच प्रकाराची ठरवतो. दोघांचाही काळ साधारणतः ७ व्या शतकाच्या आसपासचा मानतात. त्यांच्या पौर्वापर्याविषयीचा, म्हणजे दोघांत आधीचा कोण याविषयीचा, वाद जुना आहे. तथापि भामह आधीचा धरल्यास दंडीचे विधान त्याला दिलेले उत्तर म्हणून अधिक सरळ लागते. प्रत्यक्ष रचना या लक्षणांना फारशा बांधील दिसत नाहीत. बाणाचे ‘हर्षचरित’ आख्यायिका गणले जाते, पण त्यात हर्ष स्वतःची कहाणी सांगत नाही. उलट दंडीच्या नावावरील ‘दशकुमारचरिता’त कुमार आपापली हकीकत सांगतात.

मराठी कादंबरीने ही पद्धत त्या परंपरेतून उचलली असे म्हणण्यास आधार तोकडा आहे. १९ व्या शतकातील इंग्रजीशिक्षित लेखकांच्या वाचनातील आत्मकथनपर कादंबऱ्या हा स्रोत जास्त संभवतो. ह. ना. आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९० पासून क्रमशः आली. तिची निवेदक यमू ही पुण्याच्या पांढरपेशा घरातली बालविवाहिता, पुढे विधवा. पुरुष लेखकाने स्त्रीच्या तोंडून एवढे दीर्घ निवेदन करवणे त्या काळी धाडसाचेच होते.

लेखनाच्या दृष्टीने खरी अडचण असते ती ‘मी’च्या माहितीची. जे त्याने पाहिले नाही ते त्याला कळले कसे, याची सोय लेखकाला करावी लागते : पत्र, दुसऱ्याने सांगितलेली हकीकत, आडून कानांवर पडलेले बोलणे. यांतले शेवटचे साधन वारंवार वापरले की कृत्रिम वाटू लागते. शिवाय एकाच ‘मी’त दोघे वावरतात, भोगणारा आणि नंतर सांगणारा. लहानपणचा प्रसंग पोक्त शहाणपणाने सांगितला की त्यातला ताजेपणा जातो. म्हणून पहिला खर्डा झाल्यावर प्रत्येक परिच्छेदात कोणता ‘मी’ बोलतो आहे ते तपासावे. ‘मी’च्या हजेरीत न घडणारे प्रसंगच कथानकाचा कणा असतील, तर तृतीयपुरुष पत्करलेला बरा. निवेदकाची भाषा त्याच्या वयाला व शिक्षणाला साजेशी हवी हे उघडच आहे. निवेदक विश्वासार्ह नसण्याच्या शक्यतेला अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांच्या १९६१ मधील विवेचनाने पारिभाषिक रूप दिले.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) निवेदक तरुण शाळामास्तर आहे, गाव त्याला परके असल्याने त्याच्याबरोबर वाचकालाही ते हळूहळू कळत जाते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकराची बोलण्याची ढबच रचना तोलून धरते. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) व शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) यांत एकाहून अधिक ‘मी’ आलटून पालटून बोलतात. कथेच्या क्षेत्रात बाबूराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा उल्लेखनीय आहे.