कमी चालेल, जास्त नको

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका शेडमध्ये लेथवर उभ्या असलेल्या मामांच्या हातात मी अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगचं ड्रॉइंग दिलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते मापाबद्दल. ‘पाव एमेम इकडं-तिकडं झालं तर चालतंय का ओ सर?’ मी म्हटलं, ‘कमी चालेल, जास्त नको.’ मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यांनी पंपांची बुशं कातली आहेत. तिथं एकतर माप बरोबर असतं, नाहीतर माल परत येतो. एकाच बाजूला सूट देणारं गिऱ्हाईक त्यांना जरा संशयास्पद वाटलं असावं.

ती रिंग दोन जुन्या वस्तू जोडण्यासाठी हवी होती. एक होता पेंटाकॉन सिक्स, पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा १२० च्या रुंद फिल्मरोलवर चालणारा रिफ्लेक्स कॅमेरा. दुसरी वस्तू खानापूर तालुक्यातून आली होती, मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूच्या एका घरातून. तो होता भात्याचा घडीचा कॅमेरा. त्याच्या कातडी भात्याची पावसाळ्यांनी चाळण केलेली होती, पण पुढचं नोव्हार नावाचं भिंग आश्चर्य वाटावं इतकं स्वच्छ होतं. नाभीय अंतर १०५ मिलिमीटर, पूर्ण उघडल्यावर एफ ४.५, आत फक्त तीन काचा. अशा तीन काचांच्या रचनेला ट्रिपलेट म्हणतात. ती १८९३ साली इंग्लंडमध्ये डेनिस टेलर यांनी मांडली आणि पुढे कित्येक दशकं स्वस्त कॅमेऱ्यांना तिनेच डोळे दिले.

भाता दुरुस्त करण्यापेक्षा भिंग दुसरीकडे बसवावं, असं मनात आलं. पण कुठलंही भिंग कुठल्याही कॅमेऱ्यावर बसत नाही, आणि याचं कारण आटे जुळत नाहीत हे नव्हे. आटे मामा पाडून देतात. खरी अडचण आरशाची आहे.

रिफ्लेक्स कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा ४५ अंशांत कललेला असतो. तो भिंगातून आलेलं चित्र वरच्या दुधी काचेवर टाकतो आणि खटका दाबला की उडी मारून वाटेतून बाजूला होतो. ६×६ (सेंटिमीटर) म्हणवणाऱ्या फिल्मवरची चौकट प्रत्यक्षात ५६ मिलिमीटरची असते. एवढी उंची झाकणारा आरसा ४५ अंशांत ठेवायचा तर त्याला खोलीही तेवढीच लागते. त्यामुळे भिंग बसतं ती कडी फिल्मपासून बरीच लांब ठेवावी लागते. या अंतराला फ्लँज अंतर म्हणतात. पेंटाकॉन सिक्समध्ये ते ७४.१ मिलिमीटर आहे, हॅसलब्लाडच्या ५०० मालिकेत ७४.९, मामिया ६४५ मध्ये ६३.३, पेंटॅक्स ६७ मध्ये सुमारे ८५. साध्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याची चौकट २४ मिलिमीटर उंच असल्याने त्याचा आरसाही छोटा असतो. म्हणून एम ४२, म्हणजे ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांच्या कॅमेऱ्यांचं काम ४५.४६ मिलिमीटरमध्ये भागतं.

आता कोणी झेनिटसारख्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याचं ५० मिलिमीटरचं भिंग पेंटाकॉनवर चढवलं तर काय होईल? ते फिल्मपासून हवं त्यापेक्षा साडेअठ्ठावीस मिलिमीटर लांब राहील. समोर १४ सेंटिमीटरवर धरलेलं जास्वंदीचं फूल झकास दिसेल, पण त्यापलीकडचं सगळं जग धुकं. शिवाय ३५ मिलिमीटरच्या चौकटीचा कर्ण ४३ मिलिमीटर, तर ६×६ चा ७९. लहान पणतीने मोठा देव्हारा उजळावा, तसे कोपरे अंधारात राहण्याची भीती. उलट दिशेला मात्र मजा आहे. पेंटाकॉनचं भिंग निकॉनवर लावायचं तर मध्ये २७.६ मिलिमीटर जागा मोकळी उरते, त्यात हवी तशी नळी बसते. थोडक्यात, मोठ्या अंतराचं भिंग लहान अंतराच्या कॅमेऱ्यावर जातं, लहानाचं मोठ्यावर नाही.

नोव्हार इथे पास होतं. ज्या कॅमेऱ्यातून ते काढलं त्याची चौकट ६×९ ची होती, कर्ण सुमारे १०१ मिलिमीटर. म्हणजे ६×६ ची चौकट त्याच्या प्रकाशवर्तुळात, म्हणजे भिंग फिल्मवर टाकतं त्या उजेडाच्या गोलात, आरामात मावते आणि ट्रिपलेटच्या कडांचा भुसभुशीतपणा बऱ्यापैकी चौकटीबाहेर जातो. नाभीय अंतर १०५ असल्यामुळे मागची काच आरशाच्या वाटेतही येत नाही. याच घराण्यातलं ७५ मिलिमीटरचं भिंग घेतलं असतं तर ते जवळजवळ कडीच्या आत घुसवावं लागलं असतं आणि पहिल्याच खटक्याला आरसा काचेवर आपटला असता.

भिंग मोडून काढण्याआधी एक काम केलं, त्याचं श्रेय मी स्वतःला मोकळेपणाने देतो. घडीचा कॅमेरा उघडला आणि शटर ज्या पत्र्यावर बसतं तिथपासून फिल्मच्या रुळांपर्यंतचं अंतर व्हर्नियरने मोजलं. ते १०१.२ मिलिमीटर भरलं. ज्या कारखान्याने तो कॅमेरा बनवला त्याने हे गणित आधीच सोडवून ठेवलेलं होतं, आपण फक्त वाचायचं. १०१.२ मधून ७४.१ वजा केले की उरले २७.१. एवढ्या जाडीची रिंग हवी. तिच्या मागच्या टोकाला पेंटाकॉनच्या एका स्वस्त एक्स्टेन्शन ट्यूबची (भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये लावायच्या रिकाम्या नळीची) कडी जोडायची आणि पुढे शटरचं नळकांडं नटाने आवळायचं. शटर स्वतः बिघडलेलं होतं. ते कायमचं उघडं ठेवलं. पेंटाकॉनला फिल्मच्या पुढ्यातच कापडी पडद्याचं शटर असतं, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत चालणारं. हॅसलब्लाड ५०० मध्ये शटर भिंगातच असतं, त्यामुळे हा उद्योग तिथे फार कटकटीचा होतो.

मग मामांना मी २६.६ का सांगितलं?

दूरच्या वस्तूपासून येणारे किरण जवळजवळ समांतर असतात आणि ते भिंगाच्या नाभीत, म्हणजे ठरलेल्या जागी, एकत्र येतात. वस्तू जवळ आली की चित्र मागे सरकतं, म्हणून जवळचं टिपायला भिंग फिल्मपासून लांब न्यावं लागतं. किती लांब, त्याचं सूत्र न्यूटनने देऊन ठेवलं आहे: वस्तूचं नाभीपासूनचं अंतर गुणिले चित्राचं नाभीपासूनचं अंतर बरोबर नाभीय अंतराचा वर्ग. १०५ चा वर्ग ११,०२५. रिंग चुकून अर्धा मिलिमीटर जास्त झाली तर ११,०२५ भागिले अर्धा, म्हणजे २२,०५० मिलिमीटर, म्हणजे बावीस मीटर. भिंग कितीही फिरवलं तरी बावीस मीटरपलीकडचं काही कधीच धारदार येणार नाही. गल्लीच्या टोकावरचं मारुतीचं देऊळसुद्धा गेलं. आणि अर्धा मिलिमीटर कमी झाली तर? काहीच बिघडत नाही. नोव्हारची पुढची काच आट्यांवर फिरते, ती थोडी जवळच्या खुणेकडे फिरवली की चित्र फिल्मवर येतं. काठावरचे आकडे खोटे ठरतात, पण रिफ्लेक्स कॅमेऱ्यात आकडे वाचतो कोण? आपण दुधी काचेवर पाहून ठरवतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली ज्या गावात सायकलचं दुकान काढलं, त्या गावात रिंग कातून मिळणं अवघड नाही. मामांनी दोन दिवसांत दिली, २६.६२. आतून मात्र ती आरशासारखी चकचकीत होती, आणि मामांना त्याचा अभिमान होता. मला ती चकाकीच नको होती. भिंगाचं प्रकाशवर्तुळ चौकटीपेक्षा मोठं आहे, उरलेला प्रकाश नळीच्या भिंतींवर आदळतो आणि फिल्मवर पांढुरका थर चढवतो. त्यातून जुनं लेप नसलेलं भिंग. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. तीन सुट्या काचा म्हणजे सहा सीमा, आणि शेवटी पोचतो ७८ टक्क्यांच्या आसपास. (काचेवर पातळ लेप देऊन हे परावर्तन कमी करायची युक्ती जर्मनीच्या झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली शोधली.) मामांनी कुरकुरत आतून बारीक आटे पाडून दिले, म्हणजे तिरपा प्रकाश खाचांत अडकतो. वरून मी शाळेच्या फळ्याला देतात तो काळा रंग फासला.

आता परीक्षा. कॅमेऱ्याची पाठ उघडायची, फिल्मच्या रुळांवर बटर पेपर ताणून चिकटवायचा, शटर केबलने उघडं धरायचं आणि दूरचं काहीतरी पाहायचं. मी गच्चीवरून येळ्ळूरचा राजहंसगड धरणार होतो, पण जून लागला होता. बेळगावच्या जूनमध्ये गड तर सोडाच, समोरच्या घराची टाकीही कधी कधी दिसत नाही. आठवडाभर वाट पाहिल्यावर सूत्र पुन्हा काढलं आणि स्वतःवरच हसलो. एक किलोमीटरवरच्या वस्तूसाठी ११,०२५ भागिले दहा लाख, म्हणजे मिलिमीटरचा नव्वदावा भाग. व्हर्नियरलाही तो दिसत नाही. मोबाइलचा जवळचा टॉवर पुरेसा होता. पावसाची एक उघडीप मिळाली आणि बटर पेपरवर उलटा टॉवर शिडीच्या पायऱ्यांसकट उमटला. तेच चित्र वरच्या दुधी काचेवरही तेवढंच धारदार आहे का, हेही पाहून घेतलं. या जुन्या कॅमेऱ्यांत आरसा किंचित खाली बसलेला असतो आणि मग माणूस उगीच भिंगाला शिव्या देतो.

पहिला रोल बारा फोटोंचा. वापरताना सवय लागते: भिंग पूर्ण उघडायचं, फोकस करायचा, मग आठवणीने भिंगातल्या छिद्राच्या पाकळ्या मिटायच्या. दोनदा मी विसरलो. चौथ्या फोटोत मामा आहेत, दोन मीटरवर उभे, भिंग पूर्ण उघडं. कपाळावरची एकेक रेघ मोजावी अशी, आणि मागचा लेथ विरघळून गेलेला. प्रिंट नेऊन दिली तर ते स्वतःकडे न पाहता लेथकडेच पाहत राहिले.

‘मशीन असं का आलंय ओ? माझ्या मागंच तर होतं की. दोन मीटर पण नसंल.’

मी पाकिटाच्या मागे गणित मांडलं. बाहेरचे ते दोन मीटर कॅमेऱ्याच्या आत फिल्मपाशी तीन मिलिमीटर होतात. लेथचं चित्र फिल्मच्या तीन मिलिमीटर पुढेच तयार झालं होतं.

‘तीन एमेम?’ मामा म्हणाले. ‘मग लईच चुकलं की ओ सर.’