पार्किन्सन्समधील वेदना : दोन शतके मागे राहिलेली तक्रार

पार्किन्सन्स म्हटले की हाताचा कंप डोळ्यांसमोर येतो. मात्र अनेक शुभार्थींचे, म्हणजे हा आजार असलेल्यांचे, पहिले गाऱ्हाणे खांदा दुखण्याचे असते. फ्रोजन शोल्डर समजून महिनोन्‌महिने शेक आणि व्यायाम चालतात, आणि त्याच बाजूचा हात चालताना हलत नाही, हे बऱ्याच उशिरा कोणाच्या तरी लक्षात येते. हा उशीर केवळ एखाद्या डॉक्टरच्या नजरचुकीने होत नाही. त्याचे मूळ या आजाराची ओळख ज्या रीतीने घडत गेली त्यात आहे.

लंडनच्या हॉक्स्टन भागात वैद्यकी करणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये आपल्या निबंधात सहा रुग्णांचे वर्णन केले. त्यांतील काहींना त्यांनी फक्त रस्त्यावर पाहिले होते. त्यामुळे चाल, वाक आणि थरथर यांना त्या वर्णनात प्राधान्य मिळणे स्वाभाविक होते. तरीही दंडापासून बोटांपर्यंत जाणाऱ्या, संधिवातासारख्या दुखण्याची नोंद त्याच निबंधात आहे. पुढे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तां शार्को यांनी स्नायूंचा ताठरपणा आणि हालचालींचा मंदपणा वेगळे ओळखले, कंप नसतानाही हा आजार असू शकतो हे दाखवले आणि त्याला पार्किन्सन यांचे नाव दिले. आगगाडीच्या किंवा घोडागाडीच्या लांबच्या प्रवासानंतर अंग हलके वाटते, असे रुग्ण त्यांना सांगत. शार्को यांनी ते बोलणे मनावर घेतले आणि १८९२ च्या सुमारास हादरे देणारी खुर्ची करवून घेतली. कालांतराने ही खुर्ची वापरातून गेली. पण रुग्णाच्या शारीरिक त्रासाला इतके महत्त्व देणारा वैद्य त्या काळात विरळाच म्हणावा लागेल.

विसाव्या शतकात सारे लक्ष मेंदूतील रसायनाकडे वळले. १९६० मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि हॉर्निकिएविच यांनी रुग्णांच्या मेंदूत डोपामिन कमी असल्याचे दाखवले, आणि १९६७ ते १९६९ या काळात जॉर्ज कोत्झियास यांनी तोंडाने द्यायच्या लेव्होडोपाचा, म्हणजे मेंदूत डोपामिनमध्ये बदलणाऱ्या औषधाचा, गुण सिद्ध केला. आपल्या रानांत वाढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतून हेच द्रव्य १९३७ मध्ये भारतीय संशोधकांनी वेगळे केले होते. जखडलेली माणसे पुन्हा चालू लागली, हे यश मोठेच होते. मात्र उपचाराचे मोजमाप हालचालींवरून होत राहिले आणि दुखणे वयावर किंवा मणक्यावर ढकलले गेले.

वास्तविक डोपामिनचा संबंध वेदना सोसण्याच्या क्षमतेशीही असतो. गोळीचा अंमल उतरलेल्या ‘ऑफ’ अवस्थेत तीच वेदना अधिक तीव्र वाटू शकते. पहाटे, रात्रीच्या डोसचा परिणाम संपलेला असताना, पावलाची बोटे आत वळतात, पोटरी आवळली जाते, टाच टेकवत नाही. सकाळची सिंडोपा, म्हणजे लेव्होडोपाची गोळी, घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने पाऊल हळूहळू सैल होते. ही डिस्टोनियाची, म्हणजे स्नायू आपोआप आवळले जाण्याची, वेदना. ताठरलेल्या स्नायूंचे दुखणे निराळे, दबलेल्या नसेची कळ निराळी, आणि कुठेच इजा नसताना होणारी आग किंवा टोचणी तर मेंदूतूनच येते. न्यूरॉलॉजिस्ट ब्लेअर फोर्ड यांनी १९९८ मध्ये असे प्रकार सुटे करून मांडले, आणि या आजारातील वेदना मोजण्यासाठीच तयार केलेले किंग्ज प्रमाणमापन २०१५ मध्ये आले. पहिल्या नोंदीपासून जवळजवळ दोनशे वर्षे उलटली होती, ही मला अतिशय खेदाची गोष्ट वाटते.

हे वर्गीकरण केवळ अभ्यासकांच्या सोयीचे नाही. डिस्टोनियासाठी डोसच्या वेळा बदलून पाहता येतात, ताठरपणाला नियमित व्यायाम आणि फिजिओथेरपी लागते, तर मेंदूतून येणाऱ्या वेदनेवर साध्या वेदनाशामकांचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून दुखणे कुठे, किती वाजता आणि गोळीच्या आधी की नंतर, याची शुभंकराने, म्हणजे काळजी घेणाऱ्या व्यक्तीने, वहीत केलेली नोंद न्यूरॉलॉजिस्टला फार मोलाची असते. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी ती वही त्यांच्यापुढे ठेवावी.