घरी फोन लावू का?

संध्याकाळी वांद्र्याच्या बँडस्टँडवर समुद्राकडे तोंड करून बसलेल्या जोडप्यामागे पोलिसाची काठी आपटते. पोरगी ओढणी सावरते, पोरगा ताडकन उठतो. ‘कुठं राहता? घरच्यांना माहितेय का? घरी फोन लावू का?’ यातल्या एकाही प्रश्नाचा कायद्याशी संबंध नाही. सज्ञान माणसांनी शेजारी बसणं हा गुन्हा नाही. तरी पोरगा ‘साहेब, जाऊ द्या ना’ म्हणत खिशात हात घालतो. रेशन कमी मिळालं तर दुकानदाराशी तावातावानं भांडणारा हाच पोरगा इथं ‘कोणतं कलम?’ एवढंही विचारत नाही.

असं का होतं, याचा शोध मानसशास्त्रानं बराच घेतलाय. अमेरिकेतल्या जून टँगनी यांनी अपराधभाव आणि लाज यांतला फरक वर्षानुवर्षं अभ्यासला. ‘माझं हे चुकलं’ असं वाटणारा माणूस माफी मागतो, भरपाई करतो. ‘मीच वाईट’ असं वाटणाऱ्यापुढे दुरुस्त करण्यासारखं काही उरतच नाही. तो लपतो, नाहीतर दुसऱ्यावर उखडतो. दुसऱ्यांच्या पोरांवर नजर ठेवणाऱ्यांचा त्वेष यातूनही येत असावा, असं मला वाटतं.

शरीरातही हे दिसतं. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ मध्ये प्रयोगशाळेतल्या २०८ अभ्यासांची एकत्र छाननी केली. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सर्वाधिक कधी वाढतं? लोक आपल्याला जोखतायत आणि परिस्थिती आपल्या हातात नाही, या दोन गोष्टी एकत्र आल्या की. मान खाली जाते, खांदे आक्रसतात, आवाज बारीक होतो. बलवानापुढे नमतं घेण्याची ही खूण आहे, असं अनेक संशोधक मानतात.

विल्हेल्म राइश या ऑस्ट्रियन मनोविश्लेषकानं १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी, याहून मोठी गोष्ट मांडली: लहानपणापासून लैंगिकता दडपलेला माणूस हुकूमशहापुढे सहज मान तुकवतो. मला हे पटत नाही. युद्धातला पराभव, मंदी, बेकारी यांचा हिशोब त्यात बसत नाही. पण त्यातला एक लहानसा भाग टिकतो. ज्या गोष्टीची लाज वाटते तिच्याबद्दल माणूस तक्रार करत नाही, आणि तक्रारीची भीती नसली की अधिकार मर्यादा ओलांडतो. अश्लील व्हिडिओ कॉल करून पैसे उकळणाऱ्या टोळ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. त्यांचाच माणूस मग ‘सायबर सेलचा साहेब’ बनून दुसरा फोन करतो.

ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई पोलिसांनी मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे घातले आणि सुमारे ४० जोडप्यांना ठाण्यात नेलं. सज्ञान माणसं, बंद खोली, दोघांची संमती. कलम मात्र लावलं सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं! दंडही वसूल झाला. काही विद्यार्थ्यांच्या घरी फोन गेले, आणि खरी शिक्षा तीच होती. वर्तमानपत्रांतून ओरड झाली तेव्हा कुठे पोलीस आयुक्तांनी चौकशी लावली.

ही लाज एकटेपणावर जगते. प्रत्येकाला वाटतं, हे फक्त माझंच. शाळेत ते बोललं गेलं असतं, तर निदान बाकावरच्या मित्रालाही तेच प्रश्न पडतात हे कळलं असतं. पण २००७ मध्ये महाराष्ट्रानं शाळांमधलं लैंगिक शिक्षणच थांबवलं.

त्याच्या ८० वर्षं आधी, १९२७ मध्ये, र. धों. कर्वे यांनी याच मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं होतं. वाचक घरात कुणालाही विचारता येणार नाहीत अशा लैंगिक शंका पाठवायचे आणि कर्वे त्यांची उत्तरं सरळ छापायचे. एकाची शंका शेकडो जण वाचत. सत्तेला हे झोंबलं. अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांच्या बाजूनं उभे राहिले. कर्वे खटला हरले, दंड झाला. तरी १९५३ मध्ये कर्वे गेले, तोवर ते मासिक निघत राहिलं.