व्ही.बी.एस. आणि शब्बाथ शाळा: एकीचे काम दुसरीकडून होत नाही

एप्रिलच्या अखेरीस परीक्षा संपल्या की सोलापुरातल्या चर्चच्या आवारांत व्ही.बी.एस.च्या, म्हणजे व्हेकेशन बायबल स्कूल या मुलांच्या सुट्टीतल्या बायबल शाळेच्या, पताका लागतात, आणि मे संपता संपता पालकांकडून दरवर्षी तेच ऐकावे लागते, की मुलाने दहा दिवस बायबल शाळा केली, आता रविवारी वेगळी शाळा कशाला? याच गैरसमजाची उलटी बाजू मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, बैठकीत दिसते. तेथे कोणीतरी सुचवते की शब्बाथ शाळेची, म्हणजे चर्चमध्ये दर रविवारी भरणाऱ्या मुलांच्या वर्गाची, हजेरी घटली आहे, तेव्हा तीही व्ही.बी.एस.सारखी करावी. गेली अनेक वर्षे रविवारचा वर्ग घेत असल्यामुळे या दोन्ही म्हणण्यांना सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

व्ही.बी.एस. कशी असते हे सांगण्याची फारशी गरज नाही. ऊन चढण्यापूर्वी, सकाळच्या वेळात भरणारे वर्ग, अभिनयगीते, दररोज पाठ करायचे बायबलमधले सुवर्णवचन, हस्तकला, सरबत आणि शेवटच्या दिवशी पालकांसमोर होणारा कार्यक्रम आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी अनुभवला आहे. वेळापत्रक, पुस्तके आणि गाण्यांमधले फरक वरवरचे आहेत. शब्बाथ शाळेतही अभिनयगीते म्हणावीत. त्याने काही बिघडत नाही.

दोन्ही शाळांचा उगम मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी १७८० साली रविवारची शाळा सुरू केली, ती आठवड्याचे सहा दिवस कामावर जाणाऱ्या गरीब मुलांसाठी. त्यांना रविवार तेवढाच मोकळा असे, आणि वाचायला शिकवायचे तर पुढच्या रविवारी तेच मूल परत येणे भाग होते. भारतात या कामासाठी इंडिया संडे स्कूल युनियन १८७६ साली स्थापन झाली. सुट्टीतली बायबल शाळा रेक्स यांच्या शाळेनंतर शतकाहून अधिक काळाने आकाराला आली. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात रस्त्यांवर हिंडणाऱ्या मुलांसाठी १८९८ साली हॉज नावाच्या बाईंनी असे वर्ग घेतले आणि १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी त्यांचा विस्तार केला. म्हणजे एक शाळा मूल पुन्हा येईल या भरवशावर उभी राहिली, तर दुसरी ते थोडेच दिवस हाती आहे हे गृहीत धरून. सगळा घोळ होतो तो हा भेद विसरल्यामुळे, आणि तो सर्वांत जास्त होतो मुलांना सेवा शिकवताना.

बायबलमधली चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे वाटेत लुटल्या गेलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या शोमरोन प्रांतातल्या प्रवाशाची, गोष्ट घ्या. व्ही.बी.एस.मध्ये तिचे नाटुकले हमखास बसवले जाते. लुटारू येतात, याजक आणि लेवी (मंदिरातला सेवक) बाजूने निघून जातात, शोमरोनी जखमा बांधतो, जखमी माणसाला जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि टाळ्या पडतात. परंतु लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात गोष्ट तेथे संपत नाही. शोमरोनी रात्रभर थांबून त्याची काळजी घेतो, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार देतो आणि अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन, असे सांगतो. परत येण्याचे हे वचन दहा दिवसांच्या शाळेला पाळता येत नाही, कारण अकराव्या दिवशी ती शाळाच नसते. गोष्ट सांगून मुलांच्या मनात करुणा जागवणे हे तिचे काम आहे आणि ते ती उत्तम करते. सेवेची सवय लावणे हे शब्बाथ शाळेचे काम आहे.

म्हणूनच व्ही.बी.एस.च्या नवव्या दिवशी मुलांना एखाद्या रुग्णालयात नेऊन फळे वाटायला लावण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. एका मंडळीत मी हे पाहिले. मुलांनी केळी हातात ठेवली, रांगेत उभे राहून छायाचित्र काढून घेतले, आणि परतताना एकालाही कोणाचे नाव सांगता आले नाही. सेवा म्हणजे अनोळखी माणसाला एकदा काहीतरी देऊन निघून येणे, एवढेच त्या मुलांच्या मनावर ठसले. येशूने ज्यांचे पाय धुतले ते शिष्य त्याच्यासोबत राहिलेले, त्याला नावानिशी ठाऊक असलेले होते.

याउलट आमच्या दहा ते बारा वर्षांच्या मुलांच्या वर्गाकडे मंडळीतल्या, चर्चला येऊ न शकणाऱ्या एक आजी सोपवलेल्या होत्या. महिन्यातून दोन रविवारी दोन मुले, पालकांच्या परवानगीने आणि दोन मोठ्या माणसांसोबत, त्यांच्याकडे जात. पहिल्या भेटीत मुले अवघडून बसली. तिसऱ्या भेटीत कळले की आजींना मराठीपेक्षा तेलुगू वचने जवळची वाटतात. तेव्हापासून घरी तेलुगू बोलणारा, वर्गात मात्र गप्प राहणारा एक मुलगा त्यांना स्तोत्रे वाचून दाखवू लागला. चष्मा कोठे ठेवलेला असतो, चहात साखर घालायची नाही, पाणी कोणत्या दिवशी येते, हे मुलांना विचारावे लागेनासे झाले. एका रविवारी कोणी गेले नाही, तर पुढच्या वेळी आजींनी कारण विचारले आणि मुलांना ते द्यावे लागले. असे उत्तर देण्याची जबाबदारी दहा दिवसांत अंगी येत नाही. या कामाला प्रमाणपत्र किंवा बक्षीस मुळीच देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

शिक्षकांची निवडही यावरूनच ठरते. व्ही.बी.एस.साठी उत्साही महाविद्यालयीन तरुण अगदी योग्य आहेत. शब्बाथ शाळेला मात्र गेल्या रविवारी कोण आले नाही हे आठवणारा आणि सोमवारी त्याच्या घरी जाणारा शिक्षक लागतो, मग त्याला गाणे येत नसले तरी चालेल.

व्ही.बी.एस.ला इतर धर्मांच्या घरांतली मुलेही येतात. त्यांच्या पालकांना येथे बायबलच्या गोष्टी शिकवल्या जातील हे आधीच स्वच्छ सांगावे, आणि शेवटच्या दिवशी येशूला स्वीकारतो म्हणून किती मुलांनी हात वर केले याची मोजदाद करू नये. मंडळीतल्या मुलांचे प्रकरण वेगळे आहे. व्ही.बी.एस.च्या हजेरीपटात ज्यांची नावे आहेत पण शब्बाथ शाळेच्या पटावर नाहीत, अशा मुलांची यादी मे महिन्यातच काढावी, त्यांच्या घरी जावे, आणि जूनच्या पहिल्या रविवारी ती वर्गात येऊन बसली की शोमरोन्याची गोष्ट उतारशाळेच्या दारापासून पुढे सांगायला घ्यावी.